लेखिका पत्रांना उत्तर देतात

इतिहासाची पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाला तारखा पाठ असतात अशी माझी समजूत होती. बाईंना स्वतःची जन्मतारीखही धड सांगता यायची नाही. कुठल्या फॉर्मवर ती लिहायची वेळ आली की माझ्याकडे बघून म्हणत, "पावसाळ्यात कधीतरी. आईलाच नीट आठवत नव्हतं, मला कुठून आठवणार?" आणि शाळेच्या दाखल्यावरची एक जून घालून मोकळ्या होत.

नाशिक रोडला जेल रोडच्या बाजूला माझं टायपिंगचं दुकान आहे. वडील नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाले तेव्हा त्यांनी मला एक कॉम्प्युटर आणि एक झेरॉक्स मशीन घेऊन दिलं, त्यावर सुरू झालं. शहरातल्या एका प्रकाशकाचं बरंचसं काम माझ्याकडे यायचं. गाइडं, व्याकरणाची पुस्तकं, मुलांच्या गोष्टी. त्यांनीच बाईंना माझ्याकडे पाठवलं. बाई देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत जन्मभर इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. एकट्याच राहत. पहिल्या दिवशी आल्या त्या सुती साडीत, आणि पायात कॅम्पच्या बाजारातून घेतलेले पांढरे कॅनव्हासचे बूट. मी बुटांकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"चपलेने लांब जाता येत नाही," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून हस्तलिखित काढून टेबलावर ठेवलं.

त्यातलं एक पान दुरेघी होतं, पुढचं चौकटीचं, त्याच्या पुढचं चित्रकलेच्या वहीतलं. जवानांची बदली झाली की त्यांची मुलं अर्ध्या कोऱ्या वह्या मागे टाकून जात. बाई ती कोरी पानं फाडून जमवत आणि त्यांवर पुस्तकं लिहीत. एखाद्या पानाच्या कोपऱ्यात कुणा मुलाचं नाव आणि तुकडी तशीच राहिलेली असे. ती त्या कधी खोडत नसत.

ते पहिलं पुस्तक मी टाइप केलं आणि प्रूफ त्यांच्या हातात दिलं. पहिल्याच पानावर त्या थांबल्या. मग हसायला लागल्या, इतक्या की चष्मा काढून पदराने डोळे पुसावे लागले. हस्तलिखितात जागोजागी ओळीच्या वर पेन्सिलीने 'पाय' असं बारीक लिहिलेलं होतं. राहिलेला शब्द वर लिहिलाय असं समजून मी तो प्रत्येक ठिकाणी वाक्यात घातला होता. 'मग व्यापारी पाय बैलांवर मीठ लादून निघाले.' सगळं पुस्तक असं.

बाईंनी मग समजावलं. प्रत्येक प्रकरण लिहून झालं की त्या ते मुलांसमोर मोठ्याने वाचत. कॅम्पातली मुलं, शेजारची, भेटतील ती. "मुलं कंटाळली तरी चेहऱ्याने सांगत नाहीत. शाळेत त्यांना तेवढं शिकवलेलं असतं. पण पाय हलायला लागतात. जिथे पाय हलले तिथे खूण करायची आणि ते वाक्य पुन्हा लिहायचं."

पुढे त्या आमच्या वस्तीतल्या विहारातही येऊ लागल्या. रविवारी वंदना झाली की मुलं सतरंजीवर बसून राहत आणि बाई खुर्ची नाकारून त्यांच्यासमोर खालीच बसत. शेजारी बसून कुणाचे पाय कधी हलले ते सांगायचं काम माझ्याकडे असे. दोन जोड डोळे बरे, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या पुस्तकांत राजे फार नसत. मिठाचा इतिहास, विहिरींचा इतिहास, दिवाबत्तीचा इतिहास असली पुस्तकं त्या लिहीत. "राजाला एक पान पुरे," म्हणत. "तो काही चालत गेला नव्हता." उद्गारचिन्ह त्यांना चालत नसे. माझ्याकडून चुकून एखादं पडलं तर त्यावर गोल करून बाजूला लिहीत, 'ओरडू नकोस.' 'शूर' हा शब्दही टाळत. कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "शूर म्हटलं की मुलं पुढचं वाचत नाहीत. त्यांना वाटतं, कळलं."

लिहायला लागल्या कशा, तेही एकदा सांगितलं होतं. सातवीच्या वर्गात कुठल्याशा लढाईचा धडा चालू होता. एका हवालदाराचा मुलगा उभा राहिला आणि विचारलं, "मॅडम, जे हरले त्यांच्या मुलांची शाळा परत कधी सुरू झाली?" बाईंना उत्तर येईना. उद्या सांगते म्हणाल्या. मग ग्रंथालयं पालथी घातली, लोकांना पत्रं लिहिली, सुट्टीत चार गावं फिरल्या. उत्तराचा थोडासा तुकडा हाती लागला तोवर वडिलांची बदली होऊन तो मुलगा आसामला गेला होता. "त्याला सांगायचं राहिलं, म्हणून लिहिलं," बाई म्हणाल्या. त्यांची सगळी पुस्तकं मला अशीच वाटतात, कुणाला तरी सांगायचं राहून गेलेलं.

कॅम्पात त्यांच्या खोलीवर गेलं की कधी लांबून तोफांचा सराव ऐकू येई. तिथल्या माणसांना सवय असते, बोलणं थांबत नाही. बाई मात्र प्रत्येक आवाजाला थांबत. चहाचा कप अर्ध्यावर, वाक्य अर्ध्यावर. भीती वाटते का, असं मी विचारलं.

"नाही गं. वर्गात असताना हा आवाज झाला की काही मुलं खिडकीकडे बघायची. ज्यांचे वडील तिकडे असायचे ती. मग मी थांबायचे. आता वर्ग नाही, थांबायची सवय राहिली."

लेखकाचा परिचय म्हणून पुस्तकाच्या मागे छापायला प्रकाशकांना त्यांच्या पदव्या हव्या असत, मिळालेली बक्षिसं हवी असत. बाई एकच ओळ देत. 'लेखिका देवळालीला राहतात आणि पत्रांना उत्तर देतात.' खाली पत्ता. आणि खरंच पत्रं येत. तिसरी-चौथीतल्या मुलांची, वेड्यावाकड्या अक्षरांतली. बाई प्रत्येकाला पोस्टकार्ड पाठवत. बऱ्याच पोस्टकार्डांची सुरुवात एकाच वाक्याने होई: 'तू विचारलंस ते मला माहीत नाही, पण आपण शोधू.'

हेच वाक्य पुढे सगळ्याच्या मुळाशी आलं.

रस्त्यांवरच्या पुस्तकाला त्यांनी तीन वर्षं घेतली. नदीकाठच्या पायवाटांपासून डोंगरातल्या घाटांपर्यंत आपल्या जिल्ह्यातले रस्ते कसे झाले याचं पुस्तक. जुने कागद वाचायला मुंबईला जाऊन राहिल्या. परत आल्या त्या थेट दुकानात.

"एका घाटाच्या कागदांत साहेबाचं नाव मिळालं, त्याच्या घोड्याचंही नाव मिळालं," त्या म्हणाल्या. "खडी फोडणाऱ्या एकाही बाईचं नाव नाही. शंभर-दीडशे बायका होत्या म्हणे कामावर."

पुस्तकात त्यांनी तसंच लिहिलं. 'हा घाट फोडताना खडी कोणी फोडली, त्यांची नावं मला सापडली नाहीत. मला माहीत नाही. तुमच्या घरी कुणाला माहीत असेल तर विचारा आणि मला कळवा.' हे असं एकूण नऊ ठिकाणी होतं.

छपाईसाठी पानं लावून झाली आणि प्रकाशक दुकानात आले. माणूस मनाने वाईट नव्हता. बाईंची पुस्तकं फारशी खपत नसतानाही त्यांनीच छापली होती. समोर बसून म्हणाले, "ताई, एक मदत करा. पुस्तक शाळांच्या वाचनालयांत जायचंय. ते नऊ ठिकाणचं 'माहीत नाही' काढून टाका. लिहिणारीलाच माहीत नसेल तर मुलांनी वाचायचं कशाला, असं लोक विचारतील."

"बाईंना विचारलंत?"

"त्या ऐकणार आहेत का? आणि एवढ्या मोठ्या पुस्तकात चार ओळी गेल्या तर त्यांच्या लक्षातही यायचं नाही."

लक्षात येणार हे मला माहीत होतं. तरी मी काढल्या. दुकान त्यांच्या कामावर चालत होतं, हे एक कारण. दुसरं कारण मी बरेच दिवस स्वतःलाही सांगितलं नाही. मलाही त्या ओळी जराशा लाजिरवाण्या वाटत. आमचे वडील सांगत, चारचौघांत 'मला येत नाही' कधी म्हणायचं नाही, लोक तेवढंच ऐकायला टपलेले असतात. ओळी काढल्या, पानं पुन्हा लावली. तासाभराचं काम होतं.

पुस्तक छापून आलं. बाई प्रत घेऊन दुकानात आल्या, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसल्या आणि पहिल्यापासून वाचायला लागल्या. मी झेरॉक्स मशीनशी उगाच खटपट करत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी पुस्तक मिटलं.

"तू काढलंस?"

"हो."

"कुणी सांगितलं ते मला विचारायचं नाही. तुझ्याच हातांनी गेलं ना?"

"हो, बाई."

त्या उठल्या आणि गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दीड महिना आल्या नाहीत. मी दोनदा कॅम्पात जाऊन आले. खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, सकाळीच निघतात, संध्याकाळी येतात, कुठे जातात माहीत नाही.

मग एका शनिवारी भल्या सकाळी मी शटर वर करत असताना बाई येऊन उभ्या राहिल्या. बूट लाल मातीने भरलेले. हातात शाळांची यादी होती, प्रकाशकांच्या ऑफिसातून मिळवलेली. पुस्तक अडतीस शाळांत गेलं होतं. त्यांतल्या नऊ शाळांत बाई जाऊन आल्या होत्या. वाचनालयातली प्रत मागून घ्यायची, नऊ जागी समासात निळ्या पेनाने त्या ओळी पुन्हा लिहायच्या आणि प्रत परत करायची, असं त्यांनी चालवलं होतं.

"एकटीला उशीर होतोय," त्या म्हणाल्या. "शनिवारी शाळा सकाळची असते. तू दुपारी दुकान उघड."

माफ केलं की नाही हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शटर पुन्हा खाली ओढलं.

ते शनिवार माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, असं आता वाटतं. तेव्हा एसटीत उभं राहून पाय दुखायचे. बाई ड्रायव्हरपासून शाळेतल्या शिपायापर्यंत प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, "तुमच्या आधी इथे काय होतं?" निम्मे लोक वैतागत, निम्मे उभ्या उभ्या तासभर सांगत. शाळेत पोचलं की आम्ही दोघी एका बाकावर बसत असू. त्या पानं काढून देत, मी लिहायचे. नऊ ओळी मला पाठ झाल्या होत्या. एकदा बसमध्ये मी वडिलांचं ते बोलणं त्यांना सांगून टाकलं. म्हटलं, बाई, चुकलं माझं, पण हेही त्यात होतं.

बाईंनी हातातली शाळांची यादी मिटली.

"तुझे वडील बरोबर बोलत होते," त्या म्हणाल्या. "त्यांना 'माहीत नाही' म्हणणं परवडलं नसतं. मला परवडतं. म्हणून मी म्हणायला पाहिजे."

हरसूलला आम्ही मुद्दाम बाजाराच्या दिवशी गेलो, कारण बाईंना बाजार बघायचा होता. तिथल्या मुख्याध्यापकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"पुस्तकात लिहिता नाही येणार, मॅडम. रजिस्टरला चढलंय ते."

"मीच लिहिलंय ते पुस्तक."

"ते मान्य आहे. पण आता ते शाळेचं झालं."

बाईंनी पेन पिशवीत ठेवलं. मग म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. मुलांशी बोलू का थोडं?"

त्याला त्यांची हरकत नव्हती. बाईंनी पाचवीच्या वर्गात घाटाचं प्रकरण वाचलं आणि जिथे ओळी नव्हत्या तिथे त्या तोंडाने म्हटल्या. मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "माझी आजी सांगती, तिची सासू जायची खडी फोडाया."

"नाव काय त्यांचं?"

"नाय माहीत. आजी बाजारात बसलीय, इचारू."

शाळा सुटल्यावर ती आम्हांला बाजारात घेऊन गेली. म्हातारी नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, ढिगामागे बसली होती. बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि विचारलं.

"जायची ना," म्हातारी म्हणाली. "हाताला घट्टे व्हते तिच्या, मरेपर्यंत गेले नाय. पण नाव आम्ही नाय घ्यायचो. थोरली म्हणायचो."

"कुणी नाव घ्यायचंच नाही?"

"घेत असतील तिच्या माहेरची. ती कवाच गेली."

बाईंनी वही काढली होती, ती मांडीवर तशीच उघडी राहिली. शंभर-दीडशेंतली एक बाई इतक्या जवळ आली होती आणि नावाच्या अलीकडे थांबली. बाईंचा चेहरा तेवढा उतरलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी विचारलं, "आणि तुमचं नाव काय?"

म्हातारीने पदर तोंडाला लावला. तिला हसू येत होतं. "माझं कशाला?"

"आजी, सांग ना," नात म्हणाली. आजी सांगेना, तेव्हा तिनेच सांगितलं. "मंगळी."

बाईंनी ते लिहून घेतलं. आडनाव, गाव, सासूचं 'थोरली' हे बोलावणं, हाताचे घट्टे, सगळं. नागली घ्यायला आलेली माणसं मागे खोळंबून उभी होती.

बसची वाट बघत असताना मुख्याध्यापक सायकलवरून आले. बाजारात ते भाजी घेत होते, त्यांनी सगळं पाहिलं होतं. पिशवीतून त्यांनी पुस्तक काढलं. "रजिस्टरचं मी बघून घेईन. लिहा तुम्ही." त्या प्रतीत बाईंनी स्वतः लिहिलं. बस लागली तरी त्यांचं संपलं नव्हतं, म्हणून ती बस आम्ही सोडून दिली.

दुसऱ्या एका शाळेने मात्र प्रकाशकांकडे तक्रार केली, लेखिका वाचनालयातली पुस्तकं खराब करत फिरतात म्हणून. प्रकाशक कॅम्पात जाऊन बाईंना भेटले. हे थांबवा, नाहीतर पुढचं पुस्तक मला छापता येणार नाही, असं सांगितलं. बाईंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "तुमची अडचण मला कळते. माझ्या अजून अकरा शाळा राहिल्यात."

त्यानंतर त्यांचं एकही पुस्तक निघालं नाही. इतर प्रकाशकांना मी फोन केले, पण अशा लेखिकेचा व्याप कुणाला नको होता. माझ्या एका तासाच्या कामाने एका माणसाचं लिहिणं बंद पडलं, असं मी एकदा त्यांना म्हटलं. त्यांनी मला गप्प केलं. "लिहिणं कुठे बंद पडलंय? छापणं बंद पडलंय."

एकतिसाव्या शाळेच्या पायरीवर त्यांचा गुडघा गेला. उरलेल्या सात शाळांत मी एकटी जाऊन आले. पेठकडच्या एका शाळेत प्रत सापडलीच नाही, कुणी नेली ते कळेना. मी घाबरत घाबरत बाईंना फोन केला.

"हरवलं? बरं झालं," त्या म्हणाल्या. "म्हणजे कुणाला तरी ते घरी न्यावंसं वाटलं."

पुढच्या वर्षी भाची येऊन त्यांना धुळ्याला घेऊन गेली. निघायच्या दिवशी मी खोली आवरायला गेले होते. कोऱ्या पानांचा एक गठ्ठा त्यांनी बरोबर घेतला, बाकीचं वाटून टाकलं. गाडीत बसताना मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "उठ, उठ. फोन करत जा. आणि कुणी काही विचारलं तर मला कळव, मी इथून शोधीन." मी दर रविवारी फोन करायचे. त्या विचारत, विहारात मुलं येतात का, आता काय वाचता. मी सांगायचे. गेल्या थंडीत एका रविवारी फोन भाचीने उचलला.

अजूनही एखादं वाक्य टाइप करताना अडलं की मी बाकाकडे बघते. नवी मुलगी कामाला ठेवलीय, ती विचारते, कोण येणार आहे का. मी नाही म्हणते. दुकानातून रेल्वेची घोषणा ऐकू येते. देवळालीकडून पॅसेंजर आली की काही मिनिटं माझं कामात लक्ष लागत नाही. इतक्या वेळात बाई स्टेशनपासून चालत येत.

उन्हाळ्यात धुळ्याहून एक पार्सल आलं. आत एक जाड वही होती, तिकडच्या कुणा मुलाची टाकलेली, मागून सुरू केलेली. तिकडे गेल्यावर बाईंनी पूर्वीची माणसं झोपायची कशी याचा इतिहास लिहायला घेतला होता. वाकळा, घोंगड्या, पाळणे, धर्मशाळेतली वळकटी, शेतातलं मचाण. एकशे बारा पानं भरली आहेत, पुढे कोरी. भाचीने चिठ्ठीत लिहिलं होतं, मावशीने जायच्या आधी ही तुमच्याकडेच द्यायला सांगितलं होतं.

मी प्रकाशकांना कळवलं. ते वही बघायला आले, बाकावर बसून शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "जसं आहे तसं छापू. एक शब्द हलवायचा नाही." त्यांना तसं म्हणायला लावायची मी तयारी केली होती, ती वाया गेली.

आता ते आठवड्याला फोन करतात, कुठवर आलं म्हणून. मी सांगते, अक्षर लागत नाही, वेळ लागेल. हे खोटं आहे. बाईंचं अक्षर पहिलीतल्या मुलाला वाचता येईल इतकं स्वच्छ आहे. मी रोज एकच पान टाइप करते आणि वही मिटून ठेवते.

कालच्या पानावर चार भावंडं एका घोंगडीत झोपली होती. कडेची दोन रात्रभर घोंगडी ओढत आणि मधल्यांना ऊब मिळे, असं बाई लिहितात. पुढचं वाक्य पान उलटल्यावर आहे. ते मी उद्यासाठी ठेवलं.